बेटाला साडेबारा तास द्या

विद्यार्थिमित्रांनो, दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीचे वारे वाहू लागतात. आमच्या पुण्याच्या शाळांची निम्मी सहल तरी कोकणाकडे वळते. घाट उतरायचा, समुद्र पाहायचा आणि जमल्यास होडीत बसून एखाद्या बेटावर जायचे, असा बेत असतो. बेट म्हटले की तुमचे डोळे लकाकतात. चारी बाजूंनी पाणी, मध्ये झाडी, पडके तट, एखादे देऊळ, आणि तेथे तंबू ठोकून एक रात्र काढायला मिळाली तर आणखी काय हवे!

मी कसबा पेठेत वाढलो. तेथून समुद्र दिसत नाही. आमच्या पेठेतील जुन्या माणसांना ‘पाणी चढले’ म्हटले की १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आठवतो. मुठेचे पाणी चढते ते पावसाळ्यात, धरणातून सोडले म्हणजे, आणि तेही आधी सूचना देऊन. दिवसातून दोनदा, कोणालाही न सांगता, ठरल्या वेळी पाणी चढते आणि उतरते, ही गोष्ट पुण्याच्या मुलाला पुस्तकात वाचून पाठ असते, पण अंगवळणी पडलेली नसते. हे मी तुम्हांला उद्देशून म्हणत नाही. मी स्वतः पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक. फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती कितीतरी वेळा काढली आहे. तरीही मी एकदा चांगलाच फसलो. ती हकीगत आधी सांगतो, म्हणजे मला जे म्हणायचे आहे ते तुम्हांला पटेल.

सुमारे बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. महाविद्यालयाचे बावीस विद्यार्थी घेऊन मी अलिबागला गेलो होतो. १९०४ पासून तेथे भूचुंबकीय वेधशाळा आहे, ती मुलांना दाखवावी हा मूळ हेतू. जोडीला कुलाबा किल्ला. हा किल्ला किनाऱ्यासमोर समुद्रात एका खडकावर उभा आहे. पूर्ण ओहोटीला तेथे चालत जाता येते आणि भरतीला होडीने जावे लागते. आम्ही सकाळी आठच्या सुमारास घोट्याएवढ्या पाण्यातून, ओल्या वाळूवरून, गाणी म्हणत किल्ल्यात गेलो. आत झाडी आहे, गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, गणपतीचे सुंदर देऊळ आहे. मुले रमली.

साडेआठच्या सुमारास ओहोटी पूर्ण झाली होती. साडेनऊला मी मुद्दाम तटाबाहेर येऊन एका खडकावरील खूण पाहिली. पाणी जेमतेम फूटभर चढले होते. मी मनातल्या मनात त्रैराशिक मांडले : एका तासात एक फूट, तर अडीच तासांत अडीच फूट. म्हणजे अकरापर्यंत निघालो तरी गुडघाभर पाण्यातून आरामात जाऊ. मी मुलांना आणखी तासभर हिंडू दिले.

साडेदहाला निघालो तेव्हा वाटेवर मांडीभर पाणी होते. पन्नास पावले जातो न जातो तोच ते कमरेला लागले आणि बाजूने ओढू लागले. माझ्यामागे बावीस मुले होती आणि त्यांतील निम्म्यांना पोहता येत नव्हते. त्या क्षणी छातीत जे धस्स झाले ते मी अजून विसरलेलो नाही. सर्वांना हात धरायला लावून आम्ही मागे फिरलो आणि किल्ल्याच्या दारात येऊन बसलो. दोन तासांनी एक होडीवाला आला. त्याने तीन खेपांत आम्हांला किनाऱ्यावर नेले. शेवटच्या खेपेला मी होतो. तो म्हणाला, “सर, आज तिथी कोणती?” मला सांगता येईना. “वद्य तृतीया,” तो म्हणाला. “आज पाणी पळत येते. हे ठाऊक नव्हते, तर मुलांना आत कशाला नेलेत?”

त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

माझी चूक कोठे झाली ते पाहू. समुद्र त्रैराशिक मानत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तास आणि वर सुमारे बारा मिनिटे लागतात. या सहा तासांत पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात साधारण एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग, असे पाणी चढते. जगभरचे नाविक हा ‘बाराव्या भागाचा नियम’ वापरतात. झोपाळा टोकाशी रेंगाळतो आणि मध्यावर वेगाने जातो, तसाच हा प्रकार आहे.

आता मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत चार मीटरांहून अधिक फरक पडतो. हिशेबाला चार मीटर धरू. पहिल्या तासात ३३ सेंटिमीटर, म्हणजे माझा तो फूटभर. दुसऱ्या तासात ६७ सेंटिमीटर. आणि तिसऱ्या तासात पूर्ण एक मीटर, म्हणजे मिनिटाला दीड सेंटिमीटरहून अधिक! मी मुलांना घेऊन पाण्यात उतरलो तो नेमका या तिसऱ्या तासाच्या आरंभी. पहिल्या तासाच्या संथ पाण्याने मला फसविले असे मी म्हणू शकलो असतो. पण फसविले ते माझ्या अज्ञानाने.

होडीवाल्याने तिथी का विचारली? भरती मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे येते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पृथ्वीच्या चंद्राकडील बाजूवर हे आकर्षण अधिक असते आणि पलीकडील बाजूवर कमी. या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो, म्हणून दिवसात दोन भरत्या. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच उशिरा येते, आणि दोन भरत्यांत सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य व चंद्र एका रेषेत येऊन जोर लावतात, ते उधाण. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात असतात, तेव्हा भांग. भांगाला पाण्याचा चढउतार उधाणाच्या निम्म्याहूनही कमी असतो. सर्वांत मोठे उधाण नेमके पौर्णिमेला न येता एक-दोन दिवसांनी येते. म्हणून त्या तृतीयेला पाणी ‘पळत’ होते.

आमच्या कोकणातील दर्यावर्दी लोकांनी यावरून एक सोपे गणित बसविले आहे. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल ती त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. दशमीला साडेसात. पौर्णिमा आणि अमावास्या या दोन्हींना १५ धरावे, उत्तर सव्वाअकरा. त्यात सहा तास आणि दहा-बारा मिनिटे मिळविली की ओहोटीची वेळ आली. माझ्या त्या तृतीयेचे करून पाहा : भरती सव्वादोनला, म्हणून सकाळची ओहोटी आठ-साडेआठला. सारे कोष्टक त्या एका तिथीत होते आणि माझ्या घरी ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेली होती!

चौकस विद्यार्थी येथे विचारील, पाऊणच का? पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटे. पाऊण तास म्हणजे ४५. माझा आपला तर्क असा की पूर्वी पाऊणकी पाठ असे, चारपंचमांश मात्र कोणी पाठ करीत नसे. तीन मिनिटांची ही चूक साठत जाते, शिवाय प्रत्येक किनाऱ्याचा आकार आणि खोली यांनी वेळ मागेपुढे होते. म्हणून या गणिताचे उत्तर अर्धा-पाऊण तास, भांगाच्या दिवसांत त्याहूनही अधिक, चुकू शकते हे ध्यानात ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभाग भरतीची अधिकृत कोष्टके दर वर्षी प्रसिद्ध करतो आणि आता भ्रमणध्वनीवरही ही वेळ क्षणात मिळते. ती जरूर पाहा. पण आधी स्वतः काढा आणि मग ताडून पाहा. जो स्वतः काढतो, त्याला छापील आकड्यातील चूकही दिसते. जो केवळ वाचतो, त्याला काहीच दिसत नाही.

आता माझे म्हणणे. बेटावरच्या आपल्या सहली चुकतात त्या वेळेच्या हिशेबात. आपण बेटाला दोन तास देतो. होडी लागते, मुले उतरतात, किल्ला किंवा लेणी पाहतात, डबे उघडतात, छायाचित्रे काढतात आणि परततात. समुद्राचा एक धडा पूर्ण व्हायला मात्र साडेबारा तास लागतात. दोन तासांत जो समुद्र दिसला तो म्हणजे एका लांब वाक्यातील दोन शब्द. मुंबईजवळचे घारापुरी घ्या. लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे बेट गर्द झाडीने झाकलेले आहे. भरतीला त्याचे क्षेत्र सुमारे १० चौरस किलोमीटर असते आणि ओहोटीला सुमारे १६. दोन तासांच्या प्रवाशाला वाटते, आपण घारापुरी पाहिली. पण कोणती?

म्हणून माझी शाळांना सूचना अशी आहे. सहलीला एक रात्र द्या. बेटावर होडीने दिवसा जा. तंबू मात्र बेटासमोरच्या किनाऱ्यावर, भरतीच्या रेषेच्या पुष्कळ वर, सुरूच्या बनात किंवा गावातील शाळेच्या अंगणात, परवानगी काढून ठोका. आणि तेथून एक पूर्ण भरती-ओहोटी पहारा दिल्यासारखी मोजा.

‘तंबू बेटावरच का नाही?’ असे तुम्ही विचाराल. मला ठाऊक आहे, सगळी गंमत त्यातच आहे. पण तीन कारणे ऐका. पहिले, रात्री कोणाचे पोट दुखले किंवा पाय मुरगळला तर परतीची वाट पाण्याच्या हाती असते. ओहोटीला धक्क्याजवळ नुसता चिखल किंवा खडक उरला, तर होडी असून नसल्यासारखी.

दुसरे कारण पाण्याचे. समुद्राच्या मध्यभागी गोडे पाणी, हा लोकांना चमत्कार वाटतो. मालवणसमोरच्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत. चमत्कार काही नाही. हे पावसाचेच पाणी, खडकांच्या फटींत आणि मातीत साठलेले. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, तर समुद्राच्या पाण्याचे सुमारे १ किलोग्रॅम २५ ग्रॅम. म्हणून बेटाच्या पोटात गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहू शकते. पण बेट जितके लहान तितका हा साठा थोडका. शंभर मुलांनी तेथे दोन दिवस आंघोळी केल्या, तर विहिरीला खारे पाणी लागायला वेळ लागणार नाही.

तिसरे कारण म्हणजे तेथील रहिवासी. लहान बेटावरची झाडे मोजकी असतात. शेकोटीसाठी एक तोडले, तर त्याची जागा घेणारे बी समुद्र ओलांडून यावे लागते. वेंगुर्ल्याजवळच्या खडकाळ बेटांवरील गुहांत पाकोळ्या घरटी करतात. त्यांनी ही जागा निवडली ती तेथे माणूस, मांजर, उंदीर नाहीत म्हणूनच. आपण तंबू, शिधा आणि दिवे घेऊन रात्रभर तेथे राहिलो, तर त्यांनी कोठे जावे?

या पहाऱ्यात करायचे काय? त्या फसलेल्या दिवशी संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्यांनी जे केले तेच सांगतो. मी दुपारभर खजील होऊन बसलो होतो. एका मुलीने मात्र कोठून तरी एक लांब बांबू आणला, त्यावर दर दहा सेंटिमीटरला दोरा बांधला आणि तो जुन्या धक्क्याच्या खांबाला घट्ट बांधला. पावणेनऊच्या ओहोटीपासून मुलांनी दर अर्ध्या तासाला विजेरीच्या उजेडात पाण्याची पातळी टिपली. जोडीजोडीने पाळ्या लावल्या होत्या; पाण्यात कोणी उतरायचे नाही, धक्क्यावरूनच वाचायचे, हा नियम. वर वद्य तृतीयेचा चंद्र होता. पहाटे अडीचच्या सुमारास पाणी थबकले. आलेखाच्या कागदावर बिंदू जोडले तेव्हा जी वक्ररेषा उमटली, ती मी वर्गात शेकडो वेळा ‘साइन वक्र’ म्हणून काढली होती. आरंभी आडवी, मध्ये उभी आणि शेवटी पुन्हा आडवी. सकाळी आपण नेमके कोठे उभे होतो ते मुलांनी त्या रेषेवर बोट ठेवून मला दाखविले.

पहाऱ्याच्या रिकाम्या वेळात दुसरेही उद्योग आहेत. आपला डोळा पाण्यापासून २ मीटर उंच असेल तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटरांवर असते. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणले की किलोमीटर मिळतात. समोरच्या बेटाचा पाया दिसत नाही आणि माथा दिसतो, असे का, ते या गणिताने काढा. थळजवळच्या खांदेरी बेटावर एक दगड आहे, त्यावर ठोकले की भांड्यासारखा नाद येतो. आमच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे; तेथील ठोक ऐकत वाढलेल्या मुलाने त्या दगडाचा नाद ऐकावा आणि एक दगड वाजतो, शेजारचा का वाजत नाही, याचा विचार करावा. याच खांदेरीचा २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांच्या इतर किल्ल्यांबरोबर समावेश केला.

शिक्षक म्हणतील, जबाबदारी कोणाची? हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेली डझनाहून अधिक मुलेमुली बुडाली. ती बातमी वाचली तेव्हा मी ताटावरून उठलो होतो. किल्ल्याच्या वाटेवरचे ते कमरेएवढे पाणी मला पुन्हा जाणवले. अशा बातमीनंतर पालक म्हणतात, ‘समुद्र नकोच.’ त्यांचे दुःख आणि भीती खरी आहे. पण समुद्र न दाखविलेला मुलगा उद्या मोठा होऊन मित्रांबरोबर जाणारच आहे, आणि तेव्हा त्याच्याबरोबर शिक्षक नसतील. त्याला आज तिथी काढायला शिकविणे हे त्याला आज घरी बसविण्यापेक्षा अधिक सुरक्षित आहे, असे माझे मत आहे.

मात्र या मताबरोबर काही अटी येतात आणि त्यांत सूट नाही. पावसाळ्यात बेटाचे नाव काढायचे नाही. तारीख ठरविताना रविवार पाहण्याआधी तिथी पाहायची. स्थानिक तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर बसचे भाडे बुडाले तरी जायचे नाही. होडीत तिच्या क्षमतेपेक्षा एकही माणूस अधिक नको. आणि प्रत्येकाच्या अंगात तरंगजाकीट, बंद बांधलेले. डिसेंबर २०२४ मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर दुसरी वेगवान बोट आदळून अनेकांचा बळी गेला, तो उधाणाने किंवा वादळाने नव्हे. अपघात आपल्या हिशेबात नसलेल्या बाजूनेही येतो. आपले शरीर पाण्याइतकेच जड असते. केवळ डोके बाहेर ठेवायला चार-पाच लिटर पाण्याच्या वजनाइतका आधार पुरतो आणि जाकीट तेवढेच काम करते. पण ते बाकाखाली ठेवले, तर आर्किमिडीजही काही करू शकत नाही.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, यंदा वर्गात सहलीचा विषय निघाला की एक काम करा. भिंतीवरचे कॅलेंडर उतरवून घ्या, सहलीच्या तारखेची तिथी पाहा, पाऊणपट करा, आणि भरती-ओहोटीच्या चारही वेळा फळ्यावर लिहा. मग सरांना किंवा बाईंना विचारा, “आपली होडी यांतल्या कोणत्या वेळी निघणार?” त्यांना उत्तर देता आले नाही तर रागावू नका. मलाही एकदा देता आले नव्हते. त्यांच्याबरोबर बसून ते काढा, आणि मगच बसचे पैसे भरा.